मागच्या सतरंजीवर

दादा,

वहिनीनं सांगितलंय, तुझ्यावर काहीतरी लिहून दे, पुढच्या रविवारी स्मरणाच्या प्रार्थनेत वाचायचंय. ‘चांगलंच लिही बरं का,’ असंही वर म्हणाली. तिला माझं तोंड माहीत आहे. तुझा जन्म कधीचा, दुकान कधी टाकलंस, चर्चच्या मंडळीचा पंच म्हणून किती वर्षं राबलास, हे सगळं पाळकसाहेब सांगतील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. लहानपणीही तुझी हीच खोड होती. हरायला लागलास की म्हणायचास, ‘थांब, शेळ्यांना पाणी दाखवून येतो.’

शेळ्यांवरून आठवलं. तू सोळा वर्षांचा, मी आठ. अण्णांच्या शिलाईच्या दुकानात तू काज-बटणं करायचास आणि गिऱ्हाईक नसलं की मला पाटावर बसवून उपदेश झोडायचास. एकदा बायबलातली योनाची गोष्ट सांगितलीस. मासा वगैरे झाला, मग निनवे शहराला पश्चात्ताप झाला आणि राजानं हुकूम काढला की माणसांनीच नव्हे, गुराढोरांनीही गोणपाट पांघरून उपास करावा. मी विचारलं, एवढं गोणपाट शिवलं कुणी? तू खरोखर विचारात पडलास. दुसऱ्या दिवशी बघते तर तुरीचं रिकामं पोतं घेऊन तू शेळीच्या पाठीचं माप घेत होतास. शेळीला काही पश्चात्ताप झाला नाही, तिनं पोत्याचा कोपरा खाल्ला. अण्णांनी आपल्या दोघांनाही बडवलं. मार खाताना तू मला मागं घेतलं होतंस, हे मी विसरलेली नाही.

पुढं तू खरोखरच उपदेश करायला लागलास. नांदेडहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा येणार, बाकीचे रविवार तुझे. तुझ्याइतकं सोपं बोलणारं कुणी मी नंतर ऐकलं नाही, आणि मी पुष्कळ ऐकलंय. जुन्या करारातला योएल संदेष्टा लोकांना सांगतो की कपडे फाडून दुःख दाखवू नका, काळीज फाडा आणि मागं फिरा. हे तुझं आवडतं. तू म्हणायचास, ‘कपडा फाटला तर माझ्याकडं या. काळीज फाटलं तर त्याच्याकडं जा. माझं दुकान रविवारी बंद ऱ्हातं, त्याचं हमेशा उघडं हाय.’ लोक हसायचे. मग तू हळूच सांगायचास की बायबलाच्या मूळ इब्री भाषेत पश्चात्ताप म्हणजे रडणं नाही, फिरणं. ज्या वाटेनं गेलास त्याच वाटेनं माघारी येणं. तसं माघारी आलेल्याला देव नुसता आत घेत नाही, टोळांनी खाल्लेली वर्षंसुद्धा भरून देतो. बाया डोळ्याला पदर लावायच्या. मीही लावायचे.

माझं नर्सिंगचं शिक्षण तुझ्यामुळं झालं. आई घाबरत होती, तू मला नांदेडला घेऊन गेलास आणि प्रवेशाचं काम होईपर्यंत दिवसभर फाटकाबाहेर उभा राहिलास. दोन पांढरे गणवेश शिवलेस. त्यांच्या शिवणीत कापड भरपूर सोडलं होतंस. ‘अंग भरंल तुझं, तवा उसवून वाढव,’ म्हणालास. तिसऱ्या वर्षापर्यंत ते गणवेश मी वापरले. माझ्या बरोबरीच्या मुली विचारायच्या, कुणाकडून शिवलेस? मी ऐटीत सांगायचे, माझ्या दादानं.

आता मागच्या सतरंजीचं सांगते. मंडळीला ते माहीत आहे, पण पुढच्या रविवारी आमच्या ह्यांच्या जळकोटकडचे चार लोकही येणार आहेत, त्यांना काही कळायचं नाही. आपलं मुखेडचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. बायका उजवीकडं, बाप्ये डावीकडं, मधून वाट. दाराशी, चपला काढतात तिथून हातभर आत, एक वेगळी सतरंजी. कुणी दारू पिऊन मारहाण केली, खोटी साक्ष दिली, दुसऱ्याचा बांध कोरला, मंडळीबाहेर लग्न केलं, तर पंच उभा राहून त्याचं नाव वाचणार आणि ते माणूस तिथं जाऊन बसणार. त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस नाही. त्याला पुरे वाटलं की त्यानं उभं राहून चूक कबूल करायची. आणि मग ज्याचं त्यानं बिघडवलं असेल त्यानं उठून मागं जायचं, त्याचा हात धरायचा आणि पुढं आणून आपल्या शेजारी बसवायचं. ते काम पंचाचं नाही, पाळकाचंही नाही. ज्याचं बिघडवलं त्यानंच यायचं. आजोबांच्या वेळेपासूनचा हा नियम.

नियम चांगला आहे, पण माणसं ती माणसंच. त्या दोघा भावांचं तूच सांगायचास. धाकट्यानं थोरल्याचा बांध कोरला, कबूलही केला, आणि थोरला त्याचा हात धरावा लागू नये म्हणून ओळीनं आठ रविवार परगावच्या लग्नांना गेला. लग्नसराई संपली तेव्हा नाइलाजानं आला. तू हे इतकं रंगवून सांगायचास की आईलाही हसू आवरायचं नाही. मी तर सगळ्यांत जास्त हसायचे.

मंडळीबाहेर लग्न केलं तर बिघडवलं कुणाचं, हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांचं, असं धरून चालायचे.

मी जळकोटच्या बाजूला उपकेंद्रावर नर्स होते. ह्यांच्या आईच्या पायाला साखरेची जखम होती, मी रोज पट्टी बदलायला जायचे. शेतातून आलेला हा माणूस हातपाय धुऊन आईचा तो पाय मांडीवर घेऊन बसायचा. वासानं घरातली बाकीची माणसं बाहेर जायची, हा हलायचा नाही. मला तेवढं पुरेसं होतं. पहिल्यांदा मी तुलाच सांगितलं. तू ओरडला नाहीस. हातातली शिवण संपवलीस, दोरा तोडलास आणि म्हणालास, ‘आपली पंधरा घरं, करुणे. एकेक पोरगी अशी गेली तर दाराला कुलूप लावायला तरी कोण उरंल?’ मी म्हणाले, मी कुठं चाललेय? दर रविवारी येईन, ते सोडायलासुद्धा येतील. तू मान हलवलीस. ती मान होकाराची होती असं मी समजले.

नोंदणी लग्न झालं त्यानंतरच्या रविवारी तू माझं नाव वाचलंस. मी तिथंच बसले होते, आईच्या शेजारी. तू कागदावरून नजर उचलली नाहीस. आपल्या घरात मला अक्षर तू शिकवलंस, आणि माझं नाव तू एखाद्या परक्याचं वाचावं तसं वाचलंस. मी मागच्या सतरंजीवर बसले नाही. बसले असते तर एक ना एक दिवस उभं राहून माझ्या नवऱ्याला चूक म्हणावं लागलं असतं. मी तिच्यावरून चालत गेले, पायात चपला सरकवल्या आणि उन्हातून बस स्टँडवर आले. तिथं हे थांबले होते. काय झालं ते त्यांना लातूरच्या आमच्या नव्या बिऱ्हाडी पोचेपर्यंत सांगितलं नाही.

एकतीस वर्षं. माझ्या दोन्ही मुलांना तू शाळेच्या कपड्यांत कधी पाहिलं नाहीस. पण त्याचा राग माझ्यात फार टिकला नाही. मला संसार होता, नोकरी होती, सासूबाई माझ्या हातूनच शेवटपर्यंत पट्टी करून घेत होत्या. राग टिकला तो आईच्या मातीच्या दिवसाचा.

आई गेली तेव्हा मी आले होते. पेटी पुढं होती, तू प्रार्थना सांगत होतास. मी दारात उभी राहिले. नाव वाचलेलं माणूस बोलावल्याशिवाय आत येत नाही, एवढं मला अजून पाठ होतं. मला वाटलं, तू येशील. तू मला पाहिलंस, दादा. प्रार्थना सांगता सांगता डोळे उघडलेस आणि पाहिलंस. मग परत मिटलेस. वहिनी अर्धी उठली होती, तिला कुणीतरी पदराला धरून बसवलं. पेटी बाहेर आणली तेव्हा ती माझ्या अंगावरून गेली, मी फक्त लाकडाला बोटं लावू शकले.

त्यानंतर मी तुला एक पोस्टकार्ड टाकलं. आपल्या लहानपणच्या वादातला प्रश्न होता, फक्त आता तो खरा झाला होता. दावीद राजा उरीयाची बायको घेतो, उरीयाला लढाईत पुढं उभा करून मारवतो, मग संदेष्टा येऊन खडसावतो तेव्हा रडून देवाला म्हणतो की मी केवळ तुझाच अपराध केला. मी लिहिलं, ‘मग उरीयाचं काय?’ खाली सही केली नाही. अक्षर तूच शिकवलेलं होतं, ओळखणारच होतास. उत्तर आलं नाही.

मागच्या दसऱ्याच्या आसपास एका रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. ती एरवी फोनवर तब्येत, पाऊस, भाव सगळं विचारते. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. सांगू लागली की मंडळीतली प्रीती, नांदेडला दवाखान्यात कामाला असते ती, तिनं बाहेरच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा मुसलमान आहे, देगलूरचा, चष्म्याच्या दुकानातला. पंचांनी कागद तयार केला आणि वाचायला तुझ्या हातात दिला. तू पुढं उभा राहिलास, कागद उलगडलास, चष्मा लावलास. प्रीती बायकांत बसलेली होती.

मग तू कागदाची घडी घातलीस आणि वाचल्यासारखंच स्वतःचं नाव घेतलंस. सबंध नाव, अण्णांच्या नावासकट. ‘ह्या माणसानं आपल्या सख्ख्या बहिनीला दारात उभं ठेवलं, आईच्या मातीच्या दिवशी. ह्याला मागं बसवा.’ एवढं बोलून तू मधल्या वाटेनं चालत गेलास आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसलास. त्या रविवारी उपदेश झाला नाही. कुणाला काय करावं ते सुचेना, म्हणून एक गाणं म्हटलं आणि सगळे घरी गेले. प्रीतीचं नाव राहिलं ते राहिलंच.

पंच घरी आले. पंचांच्या कागदावर आलं नाही ते धरत नाही, तुम्ही पुढं बसा, असं म्हणाले. पाळकसाहेबांनी समजावलं. तू ऐकलं नाहीस. ‘जिचं बिघडवलं ती यील तवा,’ म्हणालास. पंचपद सोडलंस. दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून यायचास आणि चपलांशेजारी बसायचास.

हे ऐकून मला काय वाटलं असेल, दादा? वहिनीला वाटलं मी रडत असेन. मला संताप आला. बाहेर तू काढलंस आणि आता आत आणायलाही मीच यायचं? लातूर ते मुखेडचा रस्ता काय एकाच बाजूनं चालतो? मी तसं म्हणालेही. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, ‘भांडण माझ्यावरनं सुरू झालंय. मीच जातो आणि उचलून पुढं नेऊन ठिवतो त्याला.’ मी म्हणाले, तुम्ही मधे पडू नका.

बहुतेक वहिनीनं तुला हे सांगितलं. कारण संक्रांतीला तू आलास. एकटा, एसटीनं, पिशवीत मुखेडच्या बाजारातले पेरू आणि बोरं घेऊन. दार मी उघडलं. तू किती म्हातारा झाला होतास. मी इतकी वर्षं एका तरण्या माणसावर रागावलेली होते. तू माझ्याकडं पाहिलंस आणि पहिलं वाक्य काय म्हणालास, तर, ‘उजवा खांदा उतरलाय तुझा.’ मी म्हणाले, तीस वर्षं बादल्या आणि पेशंट उचललेत, उतरेल नाही तर काय. तू पिशवीतून मापाची वही काढलीस, जुनी, दोऱ्यानं बांधलेली. माझ्या गणवेशाचं माप त्यात होतं आणि त्याच पानात माझं पोस्टकार्ड. ‘माप जुनं झालं,’ असं म्हणून तू माझ्याकडं बघत राहिलास. मी चहा टाकायला आत गेले, कारण तिथं उभं राहवेना.

चहा पिऊन झाल्यावर तू स्वतःच विषय काढलास. ‘उरीयाचं उत्तर माझ्याकडं न्हाई, करुणे. लई वर्षं शोधलं. पण यहूदाचं सांगतो.’ आणि तू सांगितलंस. यहूदानं भावांना सांगून योसेफाला, सख्ख्या बापाच्या लेकराला, विकून टाकलं. वर्षं गेली. दुष्काळ पडला, मिसर देशात धान्य मागायला गेले, तिथं अधिकारी झालेला योसेफच होता, पण ह्यांनी ओळखलं नाही. आणि पुन्हा तोच प्रसंग आला. धाकटा भाऊ बन्यामीन तिथं अडकणार, बाकीच्यांनी त्याला सोडून घरी जायचं, पहिल्यासारखंच. तेव्हा हाच यहूदा पुढं झाला आणि म्हणाला, त्याला सोडा, मला ठेवून घ्या. ‘देव झालं गेलं पुसत न्हाई,’ तू म्हणालास, ‘तीच येळ परत आणून म्होरं ठिवतो. म्हणतो, आता बघ. प्रीतीचा कागद हातात आला तवा मला कळलं, ही तीच येळ हाय.’

मला ते आवडलं होतं. आता कबूल करते. पण तोंडातून दुसरंच निघालं. मी विचारलं, आईच्या वेळी मी दारात होते. पुढून दारापर्यंत अकरा पावलं असतील. का आला नाहीस?

तू कारणं दिली नाहीस. पंधरा घरांचं काढलं नाहीस. म्हणालास, ‘भ्यालो. मंडळीला भ्यालो. देवाला भ्यालो असतो तर आलो असतो.’ मग हात जोडलेस. माझ्या थोरल्या भावानं माझ्यापुढं हात जोडले आणि म्हणाला, ‘म्या चुकलो. येशील का?’

मी म्हणाले, बघू.

आपल्याकडं ‘बघू’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू मान हलवलीस. जाताना दारात वाकून चपला घालायला तुला वेळ लागला, मी वर उभी राहून बघत होते. ह्यांनी तुला स्टँडवर सोडलं. परत आल्यावर माझ्याशी नीट बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, ‘जाऊन ये गं. माणूस तिथं बसून राहिलाय.’

मी जाणार होते, दादा. हे खरं आहे. पण लगेच जायचं नव्हतं हेही खरं आहे. तू थोडं बसावंस असं मला वाटत होतं. माझी एकतीस वर्षं, तुझे थोडे रविवार. त्या बांधावरच्या थोरल्या भावाला मी हसले होते, आणि स्वतः तेच करत होते. माझ्याकडंही कारणं होती, त्याच्याकडं लग्नं होती तशीच. एका रविवारी नातवाचा वाढदिवस, एका रविवारी गुडघा, एकदा ऊन फार आहे म्हणून. वहिनी दर सोमवारी फोन करायची. तिनं एकदाही ये म्हटलं नाही. ‘बसले व्हते,’ एवढं सांगायची आणि मग तुरीचा भाव. संक्रांतीपासून मोजले तर सतरा रविवार झाले.

मृग लागायच्या आधी, एका मंगळवारी दुपारी, दुकानात मशीनवरच तू मान टाकलीस. फोनवर वहिनीचा आवाज कोरडा होता. म्हणाली, ‘गेले. पेटी मागंच ठिवायची असं सांगून ठिवलंय त्यांनी. तू यीपर्यंत म्होरं न्यायची न्हाई.’

शिरूर ताजबंद सोडल्यावर ह्यांनी गाडी थांबवून मला पाणी पाजलं. मी वाटभर वाक्यं जुळवत होते. सगळ्यांसमोर काय बोलायचं, आईचं काढायचं की नाही. दारात पोचले आणि सगळी वाक्यं गेली. त्याच दारात उभी होते. फक्त या वेळी पेटी माझ्या पायाशी होती आणि सगळी मंडळी पुढून मान वळवून माझ्याकडं बघत होती. पाळकसाहेब घाम पुसत होते. वहिनी तुझ्या उशाशी बसली होती. म्हणाली, ‘आलीस व्हय.’

मी खाली बसले. तुझा हात घेतला. मेलेल्या माणसाचा हात मला नवीन नाही, पण तर्जनीवर सुईनं झालेला तो खडबडीत घट्टा बोटाला लागला आणि मी मोठ्यानं रडले. हात धरून पुढं न्यायचं असतं. तू चालणार नव्हतास. मग मी उठले आणि पेटीची कडी धरली. पंचांपैकी कुणीतरी म्हणालं, बाईमाणसानं पेटी उचलायची नसते. तेवढ्यात समोरची कडी प्रीतीनं धरली. तिचा नवरा बाहेर उभा होता, त्याला ह्यांनी हाताला धरून आत आणलं, आणि ते दोघं मागच्या बाजूला लागले. जड होतास. मी पावलं मोजली, अकराच होती.

पुढं ठेवल्यावर मी मंडळीकडं वळून म्हणाले, ह्यानं माझं बिघडवलं होतं, मी त्याला माफ केलंय. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तुझ्या शेजारी बसले. प्रार्थना झाली, तुला मातीत ठेवलं, सगळं रीतीप्रमाणं झालं.

पण दादा, जे तू ऐकायला हवं होतंस ते साठ माणसांनी ऐकलं. तू हात जोडून उभा होतास तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयारही होतं. तू मागं फिरून माझ्या दारापर्यंत आलास आणि मी तुला तिथून परत पाठवलं, वर मोजत बसले. टोळांनी खाल्लेली वर्षं देव भरून देतो म्हणायचास. त्यानं द्यायला सुरुवात केली होती. सतरा रविवार समोर ठेवले होते, ते मी खाल्ले. तुझा राग आता मला येत नाही. माझाच येतो.

म्हणून परवाच्या रविवारी, तुझ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मी एकटीच एसटीनं गेले. वहिनीनं पुढं आपल्या शेजारी माझ्यासाठी जागा धरली होती. मी तिकडं गेले नाही. दाराशी, मागच्या सतरंजीवर बसले. सगळे बघायला लागले. मी उभी राहिले आणि म्हणाले की माझा भाऊ हात जोडून आला होता, मी बघू म्हणाले, आणि त्याला सतरा रविवार इथं बसवून ठेवला. एवढं बोलून परत खाली बसले.

पाळकसाहेब गाण्याचं पुस्तक उलटंसुलटं करत राहिले. प्रीती उठून आली, म्हणाली, आत्या, चला ना पुढं. मी म्हणाले, नाही गं. नियम तुला माहीत आहे. ज्याचं बिघडवलं त्यानंच यायचं असतं. ती बिचारी तशीच माघारी गेली.

तेव्हा वहिनी उठली. तिचे गुडघे तुला माहीत आहेत, उठायलाच तिला किती वेळ लागतो. बायकांच्या मधून वाट काढत, एकीच्या खांद्यावर हात टेकत ती मागं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

‘त्यांचं एकट्याचंच बिघडवलंस व्हय?’ ती म्हणाली. ‘सतरा रविवार म्या बायकांतून मान वळवून त्यांच्याकडं बघत व्हते. माझं कुणी इचारलं?’

मी मान खाली घातली. तिनं हात पुढं केला.

‘ऊठ आता,’ ती म्हणाली. ‘मला उभं ऱ्हावत न्हाई.’